गुलाबी पानावरची नावे

२०२२ च्या जानेवारीत आमच्या गावच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी गोवा विधानसभेची निवडणूक अपक्ष म्हणून लढवायचे ठरवले आणि सर्वांत आधी मला बोलावणे धाडले. ते प्रचारासाठी नव्हते, हिशेबासाठी होते. डिचोली तालुक्यातील एका सहकारी पतसंस्थेत मी आधी रोखपाल आणि पुढे लेखापाल म्हणून उभे आयुष्य काढले, हे बाईंना ठाऊक होते. "मते किती पडतील ते माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या, "पण आलेला रुपया कोणाचा आणि गेलेला रुपया कोणाला, हे आपल्या हातात आहे. तेवढे तुम्ही सांभाळा, भाई." खर्चविषयक अतिरिक्त प्रतिनिधी म्हणून माझे नाव त्यांनी रीतसर कळवले. (आमची ही सारी बोलणी अर्थातच कोकणीत झाली, येथे ती मराठीत देतो आहे.)

पहिले काम बँकेचे होते. उमेदवाराने निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खाते उघडायचे आणि तेही अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. अर्ज भरण्याची मुदत २१ ते २८ जानेवारी होती, मतदान १४ फेब्रुवारीला होते. कोविडमुळे मोठ्या सभांवर बंदी होती आणि घरोघर फिरतानाही सोबत किती माणसे असावीत याला मर्यादा होती. आमच्यासारख्या गरीब उमेदवाराला एका अर्थी ते सोयीचेच ठरले. खर्चाची मर्यादा त्याच महिन्यात वाढून गोव्यासारख्या लहान राज्यांसाठी विधानसभेच्या प्रत्येक उमेदवारामागे २८ लाख रुपये झाली होती. त्याच्या पाव हिश्शापर्यंतही आम्ही पोहोचणार नव्हतो, हे मला पहिल्याच दिवशी दिसत होते.

अर्ज भरल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून खर्चाची नोंदवही हाती आली. तिचे तीन भाग असतात आणि तिन्हींच्या पानांचे रंग वेगळे असतात. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च लिहायचा, मग तो उमेदवाराने केलेला असो, पक्षाने केलेला असो की कोणा हितचिंतकाने. गुलाबी पानांवर रोख रकमेची आवक-जावक. आणि पिवळ्या पानांवर बँकेचे व्यवहार. गुलाबी पानावर आवक लिहिताना नुसता आकडा चालत नाही. देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि पावतीचा क्रमांक लिहावा लागतो. रोख देणगी आधी खात्यात भरायची आणि खर्च खात्यातून काढून करायचा. एका व्यक्तीकडून १०,००० रुपयांहून अधिक रोख घ्यायची नाही आणि एकाच माणसाला द्यायची एकूण रक्कम १०,००० च्या वर जात असेल तर ती धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यायची. पतसंस्थेत आयुष्य गेलेल्या माणसाला यात अवघड असे काही नव्हते. अवघड होते ते लोकांना नाव विचारणे.

पहिली देणगी आली ती डिचोलीच्या बाजारात अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकणाऱ्या एका आजीकडून. तिच्या दोन्ही नाती बाईंच्या हाताखाली शिकलेल्या. रुमालाच्या गाठीतून तिने पाचशेची एक नोट काढली, ती चारपदरी घडी केलेली होती आणि घडीवर फुलांचा ओलावा उतरला होता. मी पावतीपुस्तक उघडून नाव विचारले, तेव्हा ती बिचकली. "पावती कशाला, पुता? मी काय परत मागणार आहे?" मी तिला समजावले की हे पैसे परत मागण्यासाठी नाही, बाईंना कोणी दिले ते जगाला कळावे म्हणून लिहायचे. तिने थोडा वेळ विचार केला आणि मग नाव सांगितले, वाडा सांगितला, नवऱ्याचे नावही सांगितले. मी ते सर्व गुलाबी पानाच्या पहिल्या ओळीत लिहिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक ट्रकमालक घरी आले. आमच्या भागात खाणींवर चालणाऱ्या ट्रकांवर शेकडो घरे उभी राहिली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणपट्टे रद्द झाल्यावर ती घरे अडचणीत आली. हे गृहस्थ त्यांतलेच एक. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवले. आत १५,००० रुपये होते. मी म्हटले, रोख इतकी घेता येत नाही, धनादेश द्या. ते म्हणाले, धनादेश नको. मग मी म्हटले, १०,०००पर्यंत रोख घेऊन पावती देतो, नाव-पत्ता लिहावा लागेल. त्यांनी पाकिटावर हात ठेवला.

"भाई, नाव लिहिले तर ते कोण कोण बघणार?"

"ज्याला बघायचे असेल तो प्रत्येक जण."

"मग मला उद्या कोणी काम देणार नाही. सगळ्या पक्षांच्या लोकांशी माझे काम पडते." आणि थोड्या वेळाने ते म्हणाले, "हेच पैसे मी एखाद्या पक्षाला चेकने दिले तर माझे नाव कोठे येते का? येत नाही. मग बाईंना दिले म्हणूनच का येते?"

मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही, कारण त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ क प्रमाणे राजकीय पक्षाने एका आर्थिक वर्षात २०,००० रुपयांहून अधिक देणाऱ्याचेच नाव निवडणूक आयोगाला कळवायचे असते. २०१७ पासून प्राप्तिकर कायद्याने पक्षांनी २,००० रुपयांवर रोख देणगी घेऊ नये असे ठरवले, पण धनादेशाने १५,००० दिले तर देणाऱ्याचे नाव आयोगापर्यंत जाण्याची सक्ती नाही. आजीचे पाचशे रुपये नावानिशी उजेडात आणि पक्षाकडे गेलेले पंधरा हजार अंधारात. बाईंनी ते पाकीट स्वतः उचलून त्यांच्या हातात परत दिले आणि चहा घेतल्याशिवाय त्यांना जाऊ दिले नाही. मला त्या माणसाचा राग आला नाही, आजही येत नाही. त्यांची भीती खोटी नव्हती.

त्या रात्री मला आमच्या देवळाच्या सभामंडपातील संगमरवरी पाटी आठवत राहिली. जीर्णोद्धाराला कोणी किती दिले ते त्यावर कोरलेले आहे, अगदी १०१ रुपयांपासून. जत्रेच्या वेळी देणगीदारांची नावे ध्वनिवर्धकावरून वाचली जातात आणि लोक कान देऊन ऐकतात. वर्षाअखेरीस महाजनांपुढे, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांपुढे, हिशेब ठेवला जातो, त्यावर वादही होतात. देवाला दिलेल्या पैशाचा हिशेब चारचौघांत मागणारे आम्हीच लोक, राज्य चालवायला निघालेल्या माणसाला कोणी पैसे दिले हे विचारताना मात्र गप्प बसतो.

मतदानापूर्वी नोंदवहीची तीन वेळा तपासणी होते. प्रशासनही प्रत्येक उमेदवारावर नजर ठेवून आपली एक समांतर नोंदवही लिहीत असते, तिला सगळे शॅडो रजिस्टर म्हणतात. चित्रीकरण करणारी पथके फिरतात, फलक मोजतात, वाहने मोजतात, खुर्च्यादेखील मोजतात आणि जिल्ह्याने ठरवून दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे त्यांची किंमत लावतात. दुसऱ्या तपासणीत आमच्या वहीत दहा फलक होते आणि त्यांच्या वहीत बारा. मी माझ्या पावत्या पुन्हा पुन्हा जुळवल्या, दहाच निघाल्या. अखेर उलगडा झाला. वाड्यावरच्या मुलांच्या मंडळाने आपल्या खर्चाने दोन फलक छापून चौकात लावले होते आणि आम्हाला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून कळवले नव्हते. तफावतीची नोटीस आली, उत्तर ४८ तासांत द्यायचे होते. त्या मुलांना बोलावून मी नावे घेतली, छपाईचे बिल घेतले, वस्तुरूपाने मिळालेली मदत म्हणून ते दोन्ही फलक वहीत घातले. मुले हिरमुसली होती. त्यातला एक मला म्हणाला की चूक आमची झाली आणि नाव मात्र बाईंचे खराब झाले. तसे काही झाले नव्हते, पण त्याला तसे वाटले हे मला फार मोलाचे वाटते. कार्यकर्त्यांच्या सकाळच्या पातळभाजी-पावाचे पैसेही मी त्यानंतर रोजच्या रोज लिहू लागलो.

१० मार्चला निकाल लागला. बाईंना एकूण मतांच्या एक-षष्ठांश मते मिळाली नाहीत, म्हणजे अनामत गेली. निकालापासून तीस दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे दाखल करावा लागतो, न केल्यास कलम १० अ खाली आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. त्याआधी खर्चाचा ताळमेळ घालणारी बैठक झाली, आमची वही आणि त्यांची वही ओळीला ओळ जुळली. हिशेबाबरोबर बाईंचे प्रतिज्ञापत्र, बिले, बँकेचे विवरण आणि गोषवारा जोडला. गोषवाऱ्याच्या अनुसूचींत पैसा कोठून आला हे तीन ठिकाणी विभागून मांडायचे असते. एकात उमेदवाराचा स्वतःचा पैसा, दुसऱ्यात पक्षाने दिलेली रक्कम आणि तिसऱ्यात व्यक्ती, कंपनी किंवा संस्था यांच्याकडून आलेली देणगी वा कर्ज. आमची तिसरी अनुसूची सर्वांत लांब होती, पुरवणी पाने जोडावी लागली. तिच्यात एकूण १४३ नावे होती आणि सर्वांत वर आजीचे होते.

मे महिन्यात ती बाजारात भेटली. मी तिला सहज सांगितले की तुझे नाव आता पणजीला सरकारी कागदात गेले, कोणीही एक रुपया भरून ते पाहू शकतो. ती वळेसर ओवता ओवता थांबली. "एक रुपयात?" तिने विचारले. "मग निवडून आले त्यांचे पण बघून ये की. त्यांना कोणी दिले ते मला सांग."

तो रुपया काल्पनिक नव्हे. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील ८८ वा नियम सांगतो की कोणतीही व्यक्ती एक रुपया शुल्क भरून उमेदवाराचा दाखल झालेला हिशेब पाहू शकते आणि आयोगाने ठरवलेले शुल्क भरून त्याच्या साक्षांकित प्रती घेऊ शकते. त्याच्या आधीच्या नियमाने हिशेब कधी दाखल झाला आणि तो कोठे, कोणत्या वेळेत पाहता येईल याची सूचना फलकावर लावणेही बंधनकारक आहे. ही तरतूद साठ वर्षांहून जुनी आहे. एवढी वर्षे पतसंस्थेत कायदे वाचत बसलेल्या मलाही ती निवडणुकीत उतरेपर्यंत माहीत नव्हती, याची मला खंत वाटते.

दुसऱ्याच आठवड्यात सकाळच्या कदंब बसने मी पणजी गाठली. अर्जात नियमाचा क्रमांक घातला होता. कार्यालयातील तरुण लिपिकाने तो वाचला, आत जाऊन वरिष्ठांना विचारले आणि माझ्याकडून शुल्क घेऊन पावती फाडली. त्यांनी मला खिडकीजवळचे टेबल दिले आणि आमच्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांच्या फायली एकेक करून आणून ठेवल्या. मला कोणी घाई केली नाही. दुपारी जेवायला उठलो तेव्हा फायली तशाच ठेवू दिल्या.

मी सरळ निधीच्या अनुसूचींकडे गेलो. ज्यांच्या प्रचाराच्या गाड्या आमच्या दारावरून दिवसातून चार वेळा जात होत्या, त्यांच्या फायलींत व्यक्ती व संस्थांच्या देणग्यांच्या रकान्यात 'निरंक' होते. एका उमेदवाराने बहुतेक खर्च स्वतःच्या पैशातून दाखवला होता. दुसऱ्यांच्या फायलीत पक्षाकडून आलेल्या रकमेची एक ओळ होती, तारीख होती, बँकेचा तपशील होता. सगळे जागच्या जागी होते. मी लेखापाल म्हणून ती पाने तपासली असती तर त्यावर बोट ठेवायला मला जागा सापडली नसती आणि त्या उमेदवारांनी काही गैर केले असे मी येथे सुचवीतही नाही. सापडली ती दुसरीच गोष्ट. 'पक्षाकडून' या एका शब्दापाशी कागद संपत होता. पक्षाला ते पैसे कोणी दिले, हे विचारण्याचा अधिकार माझ्या एका रुपयात नव्हता.

शिवाय पक्ष थेट जो खर्च करतो त्याला कायद्यात मर्यादाच नाही. उमेदवाराचे नाव किंवा छायाचित्र न घेता पक्षाने सर्वसाधारण प्रचार केला, किंवा पक्षाचे घोषित प्रमुख प्रचारक विमानाने आले, तर तो खर्च उमेदवाराच्या २८ लाखांत धरला जात नाही. विधानसभा निवडणुकीचा खर्च पक्ष ७५ दिवसांत आयोगाला कळवतो. देणगीदारांची यादी मात्र निवडणुकीनुसार नसते, आर्थिक वर्षानुसार असते. म्हणजे फेब्रुवारी २०२२ च्या मतदानाआधी दिलेला पैसा २०२१-२२ या वर्षाच्या अहवालात जाणार आणि तो अहवाल प्राप्तिकर विवरणाच्या मुदतीबरोबर, निवडून आलेले सरकार कित्येक महिने कारभार करून झाल्यावर येणार. पक्ष राष्ट्रीय असेल तर त्यातला कोणता रुपया गोव्यासाठी होता, हे त्या यादीवरून कळायला मार्ग नाही. मी त्या याद्या पुढे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहिल्या. नावे होती, रकमा होत्या, पण माझ्या मतदारसंघातील त्या एका ओळीपर्यंत त्या पोहोचत नव्हत्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी कायदामंत्र्यांना पत्र लिहून ही २०,००० ची मर्यादा २,००० वर आणावी असे सुचवले. मी वर्तमानपत्रातले ते कात्रण जपून ठेवले. ट्रकमालकांच्या प्रश्नाला मिळालेले ते पहिले सरकारी उत्तर होते. ती सूचना सूचनाच राहिली.

या सर्वांच्या वर निवडणूक रोखे होते. २०१८ च्या जानेवारीत ती योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे विकत घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे, रोख्यावर घेणाऱ्याचे नाव नाही आणि पक्षानेही ते कळवण्याचे बंधन नाही. कंपन्यांना नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जी मर्यादा होती तीही आदल्या वर्षीच काढली गेली होती. गोव्यासह पाच राज्यांच्या त्या निवडणुकांच्या तोंडावर, १ ते १० जानेवारी २०२२ या दिवसांत, रोख्यांची एक विक्री झाली होती. म्हणजे मी बँकेत बाईंचे खाते उघडण्यासाठी अर्ज, छायाचित्रे आणि आधार कार्डाच्या प्रती जमवत होतो, त्याच महिन्यात दुसऱ्या खिडकीवर बिननावाचे कोट्यवधी रुपये पक्षांच्या वाटेला लागत होते. मी पाचशे रुपयांसाठी एका म्हाताऱ्या बाईला नवऱ्याचे नाव विचारले होते. हे आठवले की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होते.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला पक्षाच्या पैशाची माहिती असणे हा त्याच्या माहितीच्या अधिकाराचा, म्हणजे अनुच्छेद १९ (१) (अ) चा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि कंपन्यांच्या अमर्याद देणग्यांचीही वाट बंद केली. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती न्यायालयाने नाकारली. १४ मार्चच्या संध्याकाळी आयोगाने दोन याद्या जाहीर केल्या, एक घेणाऱ्यांची आणि एक वटवणाऱ्या पक्षांची. माझ्या पुतण्याने त्या छापून आणल्या. शेकडो पाने होती आणि दोन्ही याद्यांना जोडणारा धागा नव्हता. तो धागा, म्हणजे रोख्यांचे क्रमांक, न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर २१ मार्चला आला. वटवणाऱ्या पक्षांत मोठ्या राष्ट्रीय पक्षांबरोबर आमच्या गोव्यातील महाराष्ट्रवादी गोमंतक आणि गोवा फॉरवर्ड ही नावेही होती. सहा वर्षांत एकूण १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते.

मी जानेवारी २०२२ च्या तारखांवर पट्टी ठेवून ओळी वाचत गेलो. ज्या माहितीवरून मला १४ फेब्रुवारी २०२२ रोजी मतदानयंत्रासमोर काही ठरवता आले असते, ती माहिती माझ्या स्वयंपाकघरातील टेबलावर दोन वर्षे आणि एक महिन्यानंतर पडली होती. तीही न्यायालयात कोणी सहा वर्षे झगडले म्हणून.

बाई पुन्हा उभ्या राहणार नाहीत, तसे त्यांनी सांगून टाकले आहे. पण त्यांनीच मला बसवून एक निवेदन लिहून घेतले. त्यात मागण्या तीनच आहेत. उमेदवाराला जो नियम आहे तोच पक्षाला लागू करून रक्कम कितीही असली तरी देणाऱ्याचे नाव नोंदवावे. निवडणूक जाहीर झाल्यापासून दर आठवड्याला, मतदानापूर्वी, पक्षांनी आलेल्या देणग्या जाहीर कराव्यात. आणि पक्षाने उमेदवाराला दिलेल्या प्रत्येक रकमेसमोर ती कोणत्या निधीतून आली हे लिहावे. नाव लिहिले गेल्यामुळे कोणाचे काम जाऊ नये, यासाठीही एक परिच्छेद घालायला बाईंनी सांगितले, तो त्या ट्रकमालकांमुळे. मी मसुदा त्यांना वाचून दाखवला. त्यांनी सही करायला थोडा वेळ मागितला आणि मी तो दिला.

आजीने वेळ मागितला नाही. गुलाबी पानाची साक्षांकित प्रत निवेदनाला जोडू का, असे विचारायला मी बाजारात गेलो, तेव्हा तिने आधी विचारले की मोठ्यांच्या कागदावर कोणाची नावे होती. कोणाचीच नव्हती, मी सांगितले. तिने हात पदराला पुसले, माझ्याकडून पेन घेतले आणि प्रतीवर आपल्या ओळीशेजारी, प्रत्येक अक्षर वेगळे काढत, आपले पूर्ण नाव लिहिले. पणजीतील आल्तिनो टेकडीवरील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ते निवेदन दिले तेव्हा आवक विभागाचा शिक्का त्याच पानाच्या कोपऱ्यात उमटला.